ड्रूपल ७ वरची मोठी मराठी साइट हलवायची आहे: सगळं न्यावं की निवडक?

बांधावरून | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमचं शेतीविषयक मासिक आहे. त्याची साइट २०११ पासून ड्रूपल ७ या साइट चालवण्याच्या प्रणालीवर (सीएमएस) चालते. लेख साधारण ९ हजार, शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न २१ हजारांवर आणि त्यांवरचे प्रतिसाद दीड लाखाच्या पुढे. ड्रूपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. खरं तर तो नोव्हेंबर २०२१ मध्येच संपायचा होता. मुदत वाढत गेली, तसे आम्हीही थांबत गेलो. आता थांबणं शक्य नाही.

विश्वस्तांचं म्हणणं असं की वर्डप्रेसवर जाऊ, गेल्या तीन वर्षांचं तेवढं नेऊ आणि बाकीचं सोडून देऊ. माझा जीव मात्र जुन्या प्रश्नोत्तरांत अडकलाय. २०१३ साली सांगोल्याच्या एका बागायतदाराने डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल विचारलं होतं. त्याखाली ६४ प्रतिसाद आहेत. कुणी छाटणीनंतर पानं-काड्या गोळा करून जाळल्या, कुणी पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरला, त्या बागायतदाराने स्वतः शेवटी बाग काढून टाकली तेही मोकळेपणाने लिहिलंय. आजही पाऊस सुरू झाला की लोक शोधत शोधत त्या पानावर येतात. तीन वर्षांची चाळणी लावली तर ते पान पहिल्याच फटक्यात गळणार.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वर्डप्रेस की ड्रूपल ११? आणि सगळं न्यावं की निवडक? ज्यांनी असं काम स्वतः केलंय त्यांनी जरूर लिहा.

---

नाशिककर | ३ जून, रात्री १०:१५

वर्डप्रेस. फार विचार करू नका. मी दोन सहकारी संस्थांच्या साइट ड्रूपलवरून वर्डप्रेसवर आणल्यात. रोज मजकूर चढवणारी माणसं दोन दिवसांत तयार झाली. ड्रूपलवर त्यांना एक फोटो बदलायचा तरी फोन करावा लागायचा. साइट ज्यांनी चालवायची त्यांचा हात बसला पाहिजे. आणि व्हाइट हाउसची साइटही २००९ ला ड्रूपलवर गेली आणि २०१७ ला वर्डप्रेसवर आली. तिथे चालतं तर इथे का नाही चालणार?

---

वेबसुतार | ३ जून, रात्री ११:५०

कुठे जायचं हे आज ठरवूच नका. आधी घरात काय काय आहे ते मोजा.

आमच्या टीमने अशी सात-आठ कामं केली. जी फसली ती सगळी एकाच कारणाने फसली. नवीन सीएमएस पहिल्या बैठकीत ठरला आणि सामानाची यादी शेवटच्या महिन्यात झाली. यादी म्हणजे: किती प्रकारचे नोड (ड्रूपलमधला एकेक लेख किंवा प्रश्न म्हणजे नोड), प्रत्येकाला कोणती फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, कोणती फील्ड खरंच भरलेली आहेत, किती फाइली, लेखाच्या मजकुरात थेट चिकटवलेले फोटो किती, वर्डमधून कॉपी केल्यामुळे आलेला कचरा किती. आणि सगळ्यात महत्त्वाची यादी पत्त्यांची. सर्व्हरच्या वर्षभराच्या लॉगमध्ये जे जे पान एकदा तरी उघडलं गेलं तो प्रत्येक पत्ता हवा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसणारी पानं त्यात घाला. ज्यांना बाहेरून कुणी दुवा दिलाय तीही घाला. वर्षभराचाच लॉग घ्या, तीन महिन्यांचा नको. शेतीची साइट आहे तर खरिपातली आणि रब्बीतली पानं वेगळी असणार.

आता दोन्हींच्या बांधणीतला फरक. ड्रूपल ७ मध्ये प्रत्येक फील्डला डेटाबेसात स्वतःचं टेबल असतं. तुमच्या प्रश्नांना पीक, जिल्हा, हंगाम, रोग अशी फील्ड असतील तर ती तशी सुटी मांडलेली असतात. वर्डप्रेसमध्ये लेख, पान, फोटो सगळं एका पोस्ट टेबलात आणि जास्तीची माहिती मेटा टेबलात ओळीखाली ओळ. चालतं, नाही असं नाही. पण 'सोलापूर जिल्हा, डाळिंब, हस्त बहार' असा तिहेरी शोध २१ हजार प्रश्नांत घ्यायचा झाला तर मेटा टेबलावर तो जड जातो. पीक आणि जिल्हा टॅक्सॉनॉमीत, म्हणजे वर्डप्रेसच्या वर्गीकरणात बसवले तर बरंच सुसह्य होतं.

@नाशिककर, व्हाइट हाउसचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे प्रशासन बदललं की आधीची साइट राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाते आणि गोठवलेल्या रूपात वेगळ्या पत्त्यावर राहते. नव्यांना रिकाम्या घरात यायचं असतं. बांधावरून यांच्याकडे चौदा वर्षांचा संसार आहे.

---

अस्मिता | ४ जून, सकाळी ७:०५

वाचतेय. आमच्या वाचनालयाचंही हेच दुखणं आहे.

---

काळीआई | ४ जून, सकाळी ८:३०

मी कृषी सहायक म्हणून बरीच वर्षं काम केलं. बांधावरून, तुमच्या भावना समजतात, पण सगळं जसंच्या तसं नेण्याला माझा ठाम विरोध आहे. शेतीतला जुना सल्ला म्हणजे जुनी कविता नव्हे. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी आणली. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही काही प्रतिसादांत 'एंडोसल्फान मारा, दोन दिवसांत फरक दिसेल' असं तुमच्या साइटवर असणारच. तेल्यासाठी लोक स्ट्रेप्टोमायसीनची फवारणी सर्रास सांगायचे, त्याचा शेतीतला वापरही आता बंद झालाय. कुणी मोबाइलवर शोधून तेवढंच एक वाक्य वाचलं आणि दुकानदाराकडे गेलं तर? नवीन साइटवर नवीन रंगरूपात ते पान दिसलं की वाचणाऱ्याला ते आजचंच वाटतं.

---

बांधावरून | ४ जून, सकाळी ९:१०

काळीआई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता शोधून बघितलं. एंडोसल्फान हा शब्द ३१२ प्रतिसादांत आहे.

---

मीनल | ४ जून, दुपारी १:२०

सभासदांच्या पासवर्डबद्दल कुणी बोललं नाही अजून.

ड्रूपल ७ पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा सांकेतिक ठसा, करून ठेवतं. तो हॅश वर्डप्रेसला आपला म्हणून ओळखता येत नाही आणि हॅशवरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही. मग 'सगळ्यांना नवीन पासवर्डची मेल पाठवू' हा सोपा मार्ग निघतो. आमच्याकडे तोच काढला. आमचे सभासद म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी परदेशात गेलेली मंडळी. निम्म्यांनी नाव नोंदवलं ते नोकरीच्या मेलवर, आणि ती नोकरी केव्हाच सुटलेली. मेल गेली ती परत आली. ज्यांनी पाचपाचशे लेख लिहिले ते स्वतःच्याच लेखनाला मुकले. तुमच्या शेतकऱ्यांचं तर मला वाटतं मेल पोराने काढून दिली असणार आणि तो पोरगा आता पुण्यात.

दुसरा मार्ग आहे. जुना हॅश तसाच न्यायचा, माणूस पहिल्यांदा लॉगिन झाला की जुन्या पद्धतीने तपासायचा, जुळला की त्याच क्षणी नव्या पद्धतीने हॅश करून ठेवायचा. वर्डप्रेसवर हे कुणाकडून तरी लिहून घ्यावं लागेल. ड्रूपलच्या नव्या आवृत्तीत जुने हॅश ओळखणारं मॉड्यूल गाभ्यातच आहे, फक्त चालू ठेवायचं.

---

टेम्सकाठी | ४ जून, सायं. ६:४५

'सगळं की निवडक' यावर इथलं उदाहरण सांगते. ब्रिटिश सरकारने ऑक्टोबर २०१२ मध्ये डिरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन मोठ्या साइट बंद करून गव्ह डॉट यूके सुरू केली. पुढच्या दोनेक वर्षांत सगळी खाती आणि तीनशेवर संस्था त्या एका छपराखाली आणल्या. त्यांनी सगळा मजकूर नेला नाही, नागरिकाला ज्याची गरज आहे तेवढंच नेलं. पण जुना पत्ता वाऱ्यावर सोडला नाही. नवीन पान असेल तर जुन्या पत्त्यावरून तिकडे पाठवणी, नसेल तर 'हे पान आता नाही' असं सांगून नॅशनल आर्काइव्हजच्या वेब संग्रहातल्या प्रतीचा दुवा.

म्हणजे मजकूर निवडक आणला तरी पत्ते सगळे सांभाळता येतात. या दोन गोष्टी सुट्या करून बघा, वाद बराच कमी होईल.

---

दऱ्याखोऱ्या | ४ जून, रात्री १०:३०

आता जे सांगतो ते कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. मराठी साइट हलवणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

आमचा गिर्यारोहकांचा गट आहे. पंधरा वर्षांची भटकंतीची वर्णनं हलवली. आकडे जुळले, फोटो जुळले, सगळं झकास. आठवड्याने एका जुन्या सभासदाचा फोन आला: 'अरे, सह्याद्रीत समुद्र कुठून आला?' उघडून बघतो तर 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या तिथे सगळीकडे 'सह्याद्रीच्या दर्या' झालेलं. कड्याखालच्या दऱ्या, धुक्यात बुडालेल्या दऱ्या, सगळ्यांचा दर्या झाला होता. 'आचाऱ्यांनी पिठलं केलं' याचं 'आचार्यांनी पिठलं केलं' झालं.

कारण असं. तो वरचा आडवा अर्धा र जुन्या कीबोर्डांनी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन खुणांनी लिहिलेला असतो. ते चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. आयात करताना आमच्या मुलाने 'अदृश्य कचरा साफ करा' अशी एक स्क्रिप्ट लावली होती. तिने ते चिन्ह पुसलं. ते गेलं की अर्धा र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'करणाऱ्या', 'येणाऱ्या', 'शेतकऱ्यांना' सगळं बिघडतं. तुमच्या साइटवर 'शेतकऱ्यांना' हा शब्द किती वेळा असेल याचा विचार करा.

त्याच र साठी युनिकोडात दुसराही मार्ग आहे: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. नव्या कीबोर्डांवर बहुतेक हाच येतो. म्हणजे एकच शब्द दोन प्रकारे साठवलेला, दिसायला अगदी सारखा, आणि शोधताना एक सापडतो तर दुसरा नाही. म्हणून हलवण्याआधीच 'र, हलन्त, जोडचिन्ह' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला. फक्त र नंतरचंच जोडचिन्ह बदला, सरसकट पुसू नका. 'वाङ्‍मय' लिहिताना कुणी मुद्दाम घातलेलं असतं. इमोजीतलं चौकोनी कुटुंबही त्याच चिन्हाने बांधलेलं असतं, ते पुसलं की चौघं चार दिशांना जातात.

---

वेबसुतार | ४ जून, रात्री ११:०५

@दऱ्याखोऱ्या, हा प्रतिसाद मी छापून ऑफिसात लावणार आहे. एक भर: तपासणीसाठी हलवण्याआधी आणि नंतर 'ऱ्य', 'ऱ्ह' किती वेळा येतात ते मोजा. दोन आकडे जुळले पाहिजेत. नोड किती आले हे सगळेच मोजतात, अक्षरं कुणी मोजत नाही.

---

दीपमाळ | ५ जून, सकाळी ६:५०

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर वर्डप्रेसच्या पत्त्यांचंही बघा. शीर्षकावरून जो पत्ता तयार होतो त्याला डेटाबेसात २०० ची मर्यादा आहे. देवनागरीचं एक अक्षर युनिकोडात ३ बाइटचं आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची ३ चिन्हं होतात. म्हणजे एका अक्षराला ९. काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजतात. २०० भागिले ९, म्हणजे जेमतेम २२. 'डाळिंबावरील तेल्या रोगाचे नियंत्रण कसे करावे' यातलं 'रोगाचे' संपता संपता पत्ता तुटतो. मग 'डाळिंबावरील तेल्या रोगाचे'ने सुरू होणाऱ्या सगळ्या प्रश्नांचे पत्ते सारखेच आणि पुढे २, ३, ४ असे आकडे. आम्ही शेवटी आकडी पत्ते ठेवले.

---

जुना खुंट | ५ जून, सकाळी ११:००

थोडं अवांतर. आमच्याकडे २००० सालच्या आसपासचे अंक आहेत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ते युनिकोडमध्ये आणताना सर्वात जास्त घाम ऱ्हस्व वेलांटीने काढला. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर लागते. रफाराचं बरोबर उलट. 'स्थिती', 'निर्मिती' असे शब्द आले की रूपांतर करणारी स्क्रिप्ट गोंधळते. सहा महिने दोन निवृत्त शिक्षकांनी बसून प्रुफं तपासली, तेव्हा कुठे अंक वाचण्याजोगे झाले.

---

नाशिककर | ५ जून, दुपारी १२:१५

पासवर्डचा आणि पत्त्यांचा मुद्दा मान्य. पण माझं मूळ म्हणणं कायम आहे. ड्रूपल ११ चालवायला कंपोझर (त्याचे भाग बसवायचं आणि अपडेट करायचं साधन) येणारा माणूस लागतो, तो तालुक्याच्या गावी मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. उद्या वेबसुतार यांच्यासारखा माणूस नसेल तेव्हा सुरक्षेचे अपडेट कोण करणार? २०२५ ला जे झालं तेच पुन्हा होईल. साइट कोणाच्या जिवावर उभी राहणार याचा हिशोबही यादीत धरा.

---

वेबसुतार | ५ जून, दुपारी २:४०

हा मुद्दा रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही. वर्षाचा देखभालीचा खर्च विश्वस्तांनी आधी लिहून मंजूर केला तरच ड्रूपल. नाहीतर खरंच वर्डप्रेस. बॅकड्रॉप हाही एक पर्याय आहे. ड्रूपल ७ मधूनच फुटलेली शाखा, २०१५ पासून चालू, मांडणी ओळखीची. मात्र ती येणारी माणसं त्याहून कमी.

---

अस्मिता | ५ जून, दुपारी ३:०५

सगळी जुनी पानं साध्या एचटीएमएलमध्ये उतरवून गोठवून ठेवली तर?

---

बांधावरून | ५ जून, रात्री ९:३०

अस्मिता, विश्वस्तांपैकी एकांनी हेच सुचवलं. वाचायला चालेल, पण प्रतिसाद देता येणार नाही. तेल्याच्या त्या पानावर मागच्याच वर्षी दोन नवीन प्रतिसाद आलेत. तो धागा अजून जिवंत आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी करायला घेतली आहे. झालं की लिहितो.

---

बांधावरून | २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतोय.

ड्रूपल ११ वर गेलो. नाशिककर यांचा प्रतिसाद विश्वस्तांना वाचून दाखवला आणि त्यांनी तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला काढली, मगच होकार दिला. रिकाम्या ड्रूपलमध्ये आणल्यामुळे नोडचे जुने क्रमांक तसेच राहिले, त्यामुळे बहुतेक पत्ते न बदलता चालले. उरलेल्या साधारण १,४०० पत्त्यांना कायमची पाठवणी लावली. गूगल ती किमान वर्षभर ठेवायला सांगतं, आम्ही काढणारच नाही.

आयात नऊ वेळा केली आणि आठ वेळा मागे घेतली. ड्रूपलच्या मायग्रेट या आयात करणाऱ्या मॉड्यूलमध्ये हे करता येतं याचा फार आधार वाटला. जुना-नवा क्रमांक कुठला याची नोंद ते स्वतःच्या टेबलात ठेवतं, एका आज्ञेत आणलेलं सगळं परत काढता येतं. तिसऱ्या खेपेला प्रतिसादांच्या वेळा साडेपाच तासांनी सरकलेल्या सापडल्या. पहाटे फवारणीआधी विचारलेले प्रश्न आदल्या रात्रीचे दिसत होते. आमच्या स्क्रिप्टमध्ये वेळेचा पट्टा लिहायचा राहिला होता.

'ऱ्य' मोजले. आधी ४,१८,०६३ आणि नंतर ४,१८,०५१. बाराचा फरक शोधायला दीड दिवस गेला. एका लेखकाने र, नुक्ता आणि हलन्त असं तिसऱ्याच पद्धतीने लिहिलं होतं. तेही ऱ मध्ये बदललं.

काळीआईंच्या मुद्द्याचं असं केलं. सगळं आणलं, पण बंदी असलेल्या औषधांची यादी करून ज्या ज्या प्रतिसादात ती नावं येतात तिथे त्या प्रतिसादाच्याच डोक्यावर ठळक पट्टी लावली: 'या औषधावर आता बंदी आहे, वापरू नये.' पानाच्या वर एकदाच लावली नाही, कारण मोबाइलवर माणूस सरळ खालच्या प्रतिसादावर उतरतो. औषधांची नावं लोकांनी पाच-सहा प्रकारे लिहिली आहेत, एंडोसल्फान, एन्डोसल्फान, नुसतं एंडो. ती हाताने गोळा केली.

---

काळीआई | २२ सप्टेंबर, सकाळी ७:४०

पट्टी बघितली. चांगली आहे. पण दुकानातली नावं राहिलीत. शेतकरी औषधाचं शास्त्रीय नाव लिहीत नाही, डब्यावरचं लिहितो. माझ्या जुन्या डायऱ्यांत ती आहेत, आठवडाभरात काढून पाठवते.

---

मीनल | २२ सप्टेंबर, सकाळी ९:१५

लॉगिनचं काय झालं?

---

बांधावरून | २२ सप्टेंबर, सकाळी ९:५०

काळीआई, नक्की पाठवा, लगेच चढवतो.

मीनलताई, जुने पासवर्ड चालले. नवीन साइटवर आलेला पहिला प्रतिसाद तेल्याच्याच पानावर आहे. सांगोल्याचे तेच बागायतदार, जुन्याच नावाने आलेले. २०१३ साली त्यांनी काढलेल्या बागेच्या जागी पाच वर्षांपूर्वी पुन्हा डाळिंब लावलंय, आणि छाटणीच्या कात्र्या प्रत्येक झाडानंतर औषधाच्या पाण्यात बुडवतात असं लिहिलंय. हा पासष्टावा प्रतिसाद. मागच्या वर्षीचे दोन धरून आधीचे चौसष्टही नीट आलेत.